लाजायचं काही कारण नाही

आईच्या बटव्यात पान, चुना, सुपारी आणि एक पितळी अडकित्ता असतो. विमानात हातातल्या सामानात अडकित्ता चालत नाही. हे आईला कुणी, कसं सांगायचं, एवढ्याच गोष्टीवरून सगळं सुरू झालं.

आमची शेती विमानतळाखाली गेली. गाव उठलं, करंजाड्याच्या नव्या वसाहतीत आलो, भावानं जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर चार मजले चढवले, आईच्या हातात जाड पाटल्या आल्या. शाळेत मात्र ती कधी गेलेली नाही. तिच्या वयाच्या आमच्याकडच्या पोरी सकाळी मिठागरावर जायच्या. गरीब होतो तोवर तिला कुणी काही वाचायला सांगत नव्हतं. पैसा आला आणि लाज सुरू झाली.

मग तिनं चष्मा केला. घराखालच्या बाकावर बसून ती पेपर उघडते, चित्रं बघते, बेतानं पान उलटते. फोनवर माणसं फोटोवरून ओळखते आणि प्रत्येक मेसेजला हात जोडते. बारसं असो, बारावं असो, नाहीतर उद्या पाणी येणार नाही अशी सूचना असो, आईचे हात जोडलेलेच. सगळ्यांना ती फार देवभोळी वाटते. खरं काय ते घरातल्या आम्हालाच माहीत.

कॉलनीतल्या बायकांनी विमानानं गोव्याला जायचं ठरवलं, तेव्हा पहिलं नाव आईनं दिलं. मी सुकापूरला राहते, रविवारी माहेरी येते. त्या रविवारी ती माझ्याकडं न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ज्या बांधावर बसून भाकर खाल्ली ना, तितूनच उडायचा हाय मना."

"मी येऊ बरोबर?"

"नको. पोरगा नेतो, सून नेते, पोरगी नेते. कोनी नेल्याशिवाय जायाचा हाय एकदा. माज्या मैतरनींबरोबर."

मग टूरवाल्याची माहिती ग्रुपवर आली. पानंच्या पानं. ओळखपत्र कोणतं, बॅग किती वजनाची, हातात काय ठेवायचं नाही, किती वाजता कुठल्या दारात उभं राहायचं. आईनं हात जोडले आणि फोन उशाखाली ठेवला. मी वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, "तू आता सांगशील, तिथं कोन सांगनार?" बरोबर होतं तिचं. तिला ते फोनमध्ये हवं होतं, कानाला लावून हवं तितक्यांदा ऐकता येईल असं.

मी टूरवाल्याला फोन केला. माणूस वाईट नव्हता. म्हटलं, हीच माहिती बोलून पाठवा ना सगळ्यांना, ऐकायला सोपी जाते. आईचं नावही काढलं नाही. तो म्हणाला, "उत्तम कल्पना, ताई."

संध्याकाळी त्याचा आवाज ग्रुपवर आला. "नमस्कार. आपल्या ग्रुपमधल्या ज्या ताईंना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हा खास मेसेज. लाजायचं काही कारण नाही, बरं का." पुढं अडकित्त्यापासून सगळं नीट सांगितलं होतं. पण पुढचं ऐकायला थांबलं कोण?

खाली बाकावर एकीनं हसून विचारलं, "कोण हो आपल्यात अशी?" वहिनी सांगत होती, सगळ्यात मोठ्यानं आईच हसली. घरी आली आणि तिचा गुडघा दुखायला लागला.

"मना नाय जमनार," ती मला फोनवर म्हणाली. "जाम दुखतंय."

आदल्या दिवशी हीच बाई चार मजले चढून गच्चीवर सुकट वाळत घालून आली होती. मला इतका संताप आला की टूरवाल्याला मी नमस्कारही केला नाही.

"लाजायचं कशाला काढलंत तुम्ही?"

"ताई, मी तर त्यांना धीर दिला," तो बिचारा गोंधळला. मग म्हणाला, "आणि एक विचारू? करंजाड्यात काही साथ आहे का? कालपासून तिघींनी नावं मागं घेतली. तिघींचेही गुडघे दुखतायत."

इतर दोघी कोण तेही त्यानं सांगून टाकलं. दोघीही आमच्यासारख्याच, उठवलेल्या गावांतल्या. एक तर आईशेजारी बसून तोच पेपर मागून घेणारी. इतकी वर्षं तिघी एका बाकावर बसतात, आणि प्रत्येकीला वाटत होतं की तो मेसेज आपल्या एकटीसाठीच आला.

मी त्याला तो मेसेज काढून नवा टाकायला लावला, त्यात कुणासाठी ते न सांगता. त्यानं टाकलाही. पण एकदा दुखायला लागलेला गुडघा असा लगेच बरा कसा होणार? झाला तर ढोंग उघडं पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या आईनं त्या मुठीपायी विमान सोडलं.

तिला सांगावं का, की तू एकटी नाहीस? पुष्कळदा ओठांवर आलं. पण त्या दोघींनी जन्मभर झाकलेलं मी कोण उघडं करणार? आणि आईला तर मला माहीत आहे हेसुद्धा कधी बोलून दाखवलेलं आवडत नाही. मी गप्प राहिले आणि ते गप्प राहणं मला अजून बोचतं.

बायका निघाल्या त्या सकाळी मी सुटी काढून करंजाड्याला गेले. तिघी बाकावर होत्या. आईच्या हातात अडकित्ता, सुपारीची खांडं तिघींत वाटून चाललेली.

"थंडीनं धरलाय गो गुडघा," एक म्हणाली.

"माजा पन," दुसरी म्हणाली.

आई सुपारी कातरत राहिली. एक विमान उठून डोक्यावरून गेलं. तिघींनी माना वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

तेवढ्यात तिघींचे फोन एकदम वाजले. मी आईच्या मागं उभी राहून तिच्या फोनमध्ये पाहिलं. खुर्च्यांचे पट्टे बांधून बसलेल्या बायकांचा विमानातला फोटो. खाली लिहिलं होतं, "विमानात बसलोय, पण अजून हललेलं नाही. तुमच्या तिघींच्या जागा रिकाम्या बघून वाईट वाटतंय."

तिघींनी चष्मे लावले. तिघींनी हात जोडले.

"काय लिवलंय गो?" शेजारणीनं आईला विचारलं. "माजा चष्मा जुना झालाय."

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. जरा वेळ घेतला. "उडालो म्हनतात. आता गेला ना, तोच त्यांचा इमान."

तिसरीनं आपल्या फोनवर बोट फिरवलं आणि मान डोलावली. "हां. तसाच लिवलाय."

मग आईनं माझ्याकडं पाहिलं. "हाय ना गो बाय?"

"हो," मी म्हटलं. "उडाल्या."