निमाताईंचा प्रश्नांचा डबा

सुषमाचा फोन आला तेव्हा मी शेव-उसळ खात होतो. हे खरं तर सांगायला नको, पण निमाताईंबद्दल लिहायचं आणि खाण्याचं लपवायचं, हे त्यांना अजिबात पटलं नसतं. सुषमा म्हणजे त्यांची भाची. निमाताईंनी लग्न केलं नाही, शेवटची काही वर्षं त्या बडोद्याच्या वाडी भागात तिच्याकडेच होत्या. "आत्या गेली," ती म्हणाली. "सकाळी चहा घेऊन गेले तर... झोपेतच."  माणूस हबकलं की भलत्याच बारीक गोष्टीला धरून बसतं, तसं तिनं एकदम विचारलं, "तिच्या उशाशी पुस्तक आहे, ग्रंथालयाचं. आता ते पाछुं कोणाला द्यायचं? तुमच्या साइटवर असेल ना?" मी म्हटलं, पुस्तक परत कुठे करायचं ते असेलच. फोन ठेवला आणि शोधायला बसलो. ग्रंथालयाच्या वेबसाइटचं एकूण एक पान मी बनवलेलं, आणि कुठेही नव्हतं. आणि मला हसू आलं. डोळ्यांत पाणी होतं, उसळ गार होत होती आणि मी एकटाच हसत होतो, कारण कानात स्पष्ट ऐकू आलं : "बघ कारभारी, एक राहिलंच."

'कारभारी' हे त्यांनी मला चिडवायला ठेवलेलं नाव. आमचं घराणं बडोद्याच्या जुन्या राज्यातल्या कारकुनांचं. राज्य गेलं, पण खाती काही आमच्या डोक्यातून गेली नाहीत. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांनासुद्धा क्रमवार चिठ्ठ्या असतात. निमाताईंचे पूर्वज फौजेतले. "तुम्ही लेखणीवाले, आम्ही घोड्यावरचे," असं त्या म्हणायच्या, आणि स्वतः मात्र उभा जन्म सायकलवरसुद्धा बसल्या नाहीत. रोज चालत ग्रंथालयात यायच्या आणि देवघेवीच्या खिडकीमागे बसायच्या, म्हणजे जिथे पुस्तक घेतात आणि परत करतात ती खिडकी. मी शाळेत असताना तिथूनच त्यांना ओळखतो. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त तो कोपरा अंगठ्यानं सरळ करत आपल्याकडे बघत राहायच्या. त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं.

त्या निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ग्रंथालयाची वेबसाइट नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं. मी वेबसाइट करून पोट भरतो, आणि हे तर आपलं ग्रंथालय, मग काय विचारता. रक्तातला कारभारी जागा झाला. मी मेनू असा मांडला की पूर्वजांनी पाठ थोपटली असती : इतिहास, प्रशासन, विभाग, नियमावली, परिपत्रके. प्रत्येक विभागाखाली उपविभाग, उपविभागाखाली उपक्रम. समितीपुढे पडद्यावर दाखवलं, सगळे विभागप्रमुख आपापलं नाव शोधून खूश झाले, कोणाचं वर कोणाचं खाली यावरून थोडी कुरबुर झाली तेवढीच. निमाताईंना जुन्या कर्मचारी म्हणून बोलावलं होतं. त्या मागच्या रांगेतून म्हणाल्या, "अरे, आज ग्रंथालय उघडं आहे का, ते कुठे कळेल?" मी ऐटीत दाखवायला गेलो. प्रशासन, मग परिपत्रके, मग सुट्ट्यांची यादी, मग एक फाइल उतरवून घ्यायची... "राहू दे," त्या म्हणाल्या. "तोवर मी चालत जाऊन बघून येते."

सगळे हसले. मला रागच आला. पण त्यांचा पुढचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. "आणि घरपोच पुस्तक कुठाय?" मला अशी काही सेवा आहे हेच ठाऊक नव्हतं. सापडली ती विभाग, महिला विभाग, इतर उपक्रम, अशा तिसऱ्या माळ्यावर. ही सेवा निमाताईंनीच सुरू केलेली, ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्यासाठी. आधी त्या स्वतः संध्याकाळी पिशवीत पुस्तकं घालून वाडीतल्या पोळांमधून, गल्लीबोळांतून फिरायच्या, नंतर ग्रंथालयानं एक माणूस नेमला. ग्रंथपाल साहेब चांगले गृहस्थ, ते जरा अवघडून म्हणाले, "निमाबेन, आता कोणी मागतच नाही. येत्या वर्षापासून बंद करायचं ठरतंय." निमाताई नुसत्या पडद्यावरच्या त्या तिसऱ्या माळ्याकडे बघत राहिल्या, कोपरा दुमडणाऱ्याकडे बघायच्या तशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या घरी. हातात मठियांचा, म्हणजे दिवाळीतल्या त्या कुरकुरीत पुऱ्यांचा, पत्र्याचा डबा. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, म्हणून मी आशेनं झाकण उघडलं. आत कार्डं. ग्रंथालयात कॉम्प्युटर आला तेव्हा कॅटलॉगची जुनी कार्डं रद्दीत निघाली होती, ती त्यांनी मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रोज एक लिहीत गेल्या : खिडकीवर आज कोणी काय विचारलं. विचारणाऱ्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं. 'बेन, पेली लाल पूठावाळी चोपडी आवी गई?' असं, पुस्तक परत आलं का ते विचारताना नाव न सांगता नुसता पुठ्ठ्याचा रंग सांगणारं. 'घरात गोंगाट आहे, इथे किती वाजेपर्यंत बसू देता?' 'नातवाला वाचता येतं पण वाचत नाही, त्याला काय देऊ?' मी विचारलं, हे कशाला ठेवलंत? "खिडकीवर नवं माणूस बसलं की त्याला वाचायला द्यायचे," त्या म्हणाल्या. "आता तुझी साइट खिडकीवर बसणार. मग तिलाही शिकव की. इतक्या वर्षांत एकानंही येऊन मला विचारलं नाही, बाई, तुमचा उपविभाग कुठला." मी वाद घालायचं सोडून कार्डं चाळायला लागलो. 

मग वाचनकक्षाच्या लांब टेबलावर आम्ही ती कार्डं पसरली आणि रोजच्या वाचकांना बोलावलं. तुम्हाला जी एकत्र वाटतात त्यांचे ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला तुम्हीच नाव द्या, एवढंच सांगायचं. आम्ही मध्ये बोलायचं नाही, ही निमाताईंची अट. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले हर्षदभाई होते. ते सकाळचं वर्तमानपत्र दुसऱ्याच्या हातात दिसलं तर त्याच्या डोक्यावर उभे राहतात. पाणीगेटची रुबिना होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. हर्षदभाईंनी वर्तमानपत्राचं कार्ड सुट्टीच्या कार्डाशेजारी ठेवलं. माझ्याच्यानं राहवेना. "काका, ते नियतकालिकांत जातं," मी म्हटलं. निमाताईंनी शांतपणे माझ्या हातात चहाची किटली दिली आणि उरलेला सगळा वेळ मला चहा ओतायला लावलं. हर्षदभाईंनी त्या ढिगाला नाव दिलं 'आजचं'. बरोबरच होतं की. ग्रंथालय उघडं आहे का आणि पेपर आला का, हे त्यांना घरून निघताना एकदमच हवं असतं. रुबिनाचा सगळ्यात मोठा ढीग होता 'बसायला जागा'. आमच्या विभागांच्या यादीत जागा नावाचं काही नव्हतंच.

एक कार्ड मात्र दोघांनीही कुठल्याच ढिगात घातलं नाही. 'आई पलंगावरून उठत नाही, तिला पुस्तक कोण आणून देईल?' हर्षदभाईंनी ते बराच वेळ हातात धरलं आणि बाजूला ठेवलं. रुबिनानं नंतर तेच उचललं, सगळ्या ढिगांच्या वर टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "हे कशाच्या खाली नाही जात. हे वर." मी किटली घेऊन उभा होतो. निमाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदरानं चष्मा पुसला.

नवा मेनू समितीपुढे ठेवला तेव्हा काय गदारोळ. पहिल्या पानावर एकाही विभागाचं नाव नाही. 'आजचं', 'पुस्तक आहे का?', 'बसायला जागा', 'घरपोच पुस्तक', बस. गुजराती, मराठी, इंग्रजी, तिन्हींत तसंच साधं. एक विभागप्रमुख म्हणाले, ही काय किराणा दुकानाची पाटी आहे? निमाताई म्हणाल्या, "किराणा दुकानात माणसाला वस्तू मिळते, साहेब." ग्रंथपाल साहेबांनी हसू दाबलं आणि निकाल दिला : तीन महिने असं चालवून बघू, पण तेवढ्यात घरपोच पुस्तकाला मागणी आली नाही तर ती सेवा बंद. झालं. साइट सुरू झाली, आणि मी तासातासाला मागण्यांची यादी उघडून बघायला लागलो. पहिला दिवस कोरा, दुसरा कोरा, तिसरा कोरा. निमाताई रोज फोन करायच्या, "काय रे?" आणि मी म्हणायचो, "काही नाही." इतका वाईट वाटणारा 'काही नाही' मी कधी उच्चारला नव्हता.

चौथ्या दिवशी आली एक मागणी. वाडीतलीच, एका निवृत्त शिक्षिकेची. माणूस पाठवायचं सोडून निमाताई स्वतः पुस्तक काखेत मारून निघाल्या, मागून मी. दोन जिने, मोडका कठडा. बाई खाटेवर बसल्या होत्या. पुस्तक हातात घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अहो, हा दुसरा भाग आहे. मी पहिला मागवला होता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निमाताई मात्र जिन्यात आल्या आणि हसत सुटल्या, इतक्या की पायरीवर बसावं लागलं. "तक्रार केली रे," त्या म्हणाल्या, "म्हणजे वाचक पक्का." आम्ही परत जाऊन पहिला भाग आणला. तीन महिने संपले तेव्हा माणूस एकटा पुरेना, दुसरा घ्यावा लागला. सेवा बंद करायचं मग कोणी काढलं नाही.

पुढे निमाताईंचेच गुडघे गेले, मग हृदयानं कुरकुर लावली, आणि त्यांना जिना बंद झाला. मी म्हटलं, काय हवं ते सांगा, आणून देतो. तर बाई ऐकतील तर शपथ. "ओळखीनं पुस्तक आलं तर साइट चालते का नाही ते कसं कळणार?" मोबाइलवर एका बोटानं स्वतः मागणी भरायच्या आणि मग मला फोन. "अक्षर बारीक आहे, बटण खाली गेलंय, 'पाठवलं' असं दिसलं नाही म्हणून मी तीनदा दाबलं, आता तीन प्रती येतील त्याचं काय?" मी कुरकुरत दुरुस्त करायचो. आता फोन येत नाही, आणि साइटवर काहीही बदललं की माझा हात आपोआप फोनकडे जातो. फार आठवण येते हो.

डबा त्यांनी मला आधीच देऊन ठेवला होता. तळाशी कोरी कार्डं होती. फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी एक काढलं आणि सुषमाचे शब्द लिहिले, जसेच्या तसे : 'तिच्या उशाशी पुस्तक आहे. आता ते पाछुं कोणाला द्यायचं?' मग साइटवर 'घरपोच पुस्तक'च्या खाली एक ओळ आणि एक बटण घातलं : घरातलं वाचणारं माणूस गेलं असेल तर एवढंच कळवा, पुस्तक न्यायला आम्ही येऊ, घाई नाही. सगळं झाल्यावर सुषमाला फोन केला. तिनं ते बटण दाबलं, पहिली मागणी तिची. आणायला मीच गेलो.

निमाताईंची खोली झाडून पुसून ठेवलेली होती. पुस्तक अजून उशाशीच, आत खूण म्हणून एक कोरं कार्ड. मी हात पुढे केला, तर सुषमानं पुस्तक मागे घेतलं. ही सुषमा म्हणजे, आत्यानं जन्मभर डोकं फोडलं तरी वर्तमानपत्राच्या पलीकडे न गेलेली. "आत्याची शेवटची थोडी पानं राहिली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं बघू तरी काय होतं पुढे, पण मागचं माहीत नसताना काही कळेना. म्हणून पहिल्यापासून धरलंय. अर्धं झालंय. मुदत वाढवून मिळते का हो?"

मिळते, मी म्हटलं, आणि रिकाम्या हातानं जिना उतरलो. घरी येऊन अजून एक कार्ड लिहिलं. डबा माझ्या टेबलावर आहे, कोरी कार्डं अजून पुष्कळ आहेत.