दोन मुठी मीठ

पाचच्या पाच रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आले होते आणि तलासरीचे सर दुपारी एक वाजता यायचे होते.

डहाणूच्या एका छोट्या सेंटरमध्ये मी लॅब टेक्निशियन आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरवर एक अभ्यास चालू आहे, त्यासाठी आम्ही पेशंटचं रक्त घेतो. रक्तातल्या काही प्रोटीन्सवरून पेशंट किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो का, ते त्यात तपासतात. मुंबईची लॅब प्रोटीन्स मोजून एक स्कोअर पाठवते. स्कोअर जितका जास्त, तितकी आशा कमी. अभ्यास अजून अर्ध्यावर आहे, त्यामुळे हा आकडा पेशंटला सांगायचा नसतो.

सरांनी मात्र तो सांगायचं आमच्या डॉक्टर मॅडमकडून कबूल करून घेतलं होतं. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. गाठ काढता येण्यासारखी होती, ऑपरेशनची तारीखही मिळत होती. पण आकडा वाईट असेल तर चिरफाड नको, उरलेले दिवस घरी काढीन, असं त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

मी म्हटलं, “मॅडम, सरांचा धरून हे पाचही नमुने एकाच दिवसाचे आहेत.”

“मग?”

“पाच वेगळी माणसं, वेगवेगळ्या स्टेजची. सगळ्यांचं नशीब एकाच मंगळवारी कसं फिरेल?”

त्या मंगळवारी मी रजेवर होतो. बायकोचं वर्षश्राद्ध होतं. ती याच आजाराने गेली. माझ्याऐवजी हर्षा एकटीच तलासरीला रक्त घ्यायला गेली होती. हर्षा नवी, हुशार, डहाणूच्या मच्छीमार घरातली. तिची आई बाजारात मासळी विकते.

राखून ठेवलेल्या ट्यूब मी फ्रीजरमधून काढल्या. सीरम म्हणजे रक्त साकळल्यावर वेगळं होणारं पाणी. ते फिकट पिवळं असतं. हे कोकम सरबतासारखं लालभडक होतं. हर्षाला दाखवलं, तर म्हणाली, “मला वाटलं काका, कॅन्सरवाल्यांचं असंच असेल.”

रक्त आणलं कसं, ते विचारलं. परत येताना चारोटीला जीप बंद पडली. दोन तास ऊन. पेटीतले आइस पॅक वितळले. हर्षा डगमगली नाही. नाक्यावरच्या मासळीवालीकडून तिने बर्फ घेतला, कुटला, त्यात ट्यूब थर लावून मांडल्या आणि वरून जाडं मीठ पसरलं.

“मीठ?” मॅडमनी विचारलं.

“मग काय मॅडम, नुसता बर्फ किती टिकणार? आई सुरतेला पापलेट असंच पाठवते. डोळा काचेसारखा राहतो.”

मिठाने बर्फ इतका गार होतो की रक्ताचाही गोठून बर्फ होतो. गोठलं की पेशी फुटतात, त्यांच्या आतला ऐवज सीरममध्ये उतरतो आणि प्रोटीन्सचं मोजमाप बिघडतं. नमुन्यात पेशी फुटल्यात, असं रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंही होतं. मॅडमनी आणि मी फक्त शेवटचा, स्कोअरचा कॉलम वाचला होता.

आधी मॅडम हसल्या. मग मी. वर्षभरात हसलो नव्हतो, ते सगळं एकदम बाहेर आलं. हर्षा आधी रडवेली झाली, मग तीही टेबल धरून हसायला लागली. तिघं डोळे पुसत असताना सर दारात आले. आमच्याकडे बघून हळूच खुर्चीवर टेकले.

“एवढं वाईट आहे?”

मॅडमनी सगळं सांगितलं. सरांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, मीठ किती होतं. हर्षा म्हणाली, दोन मुठी.

“म्हणजे दोन मुठींत माझं आयुष्य आटलं होतं,” सर म्हणाले. मॅडम म्हणाल्या की आज पुन्हा रक्त घेऊ, नवा आकडा पंधरा दिवसांत येईल. सरांनी बाही वर केली. मग विचारलं, “आकड्याचं राहू द्या. ऑपरेशनची तारीख कुठली म्हणालात?”

नवा रिपोर्ट आला तेव्हा सर ऑपरेशन होऊन वॉर्डात होते. आता घरी आहेत, मऊ भात गिळतात. आकडा त्यांनी विचारला नाही, आम्हीही सांगितला नाही.

आकडा वाचण्याआधी तो कशातून प्रवास करून आलाय ते विचारावं, एवढं मी शिकलो. हर्षालाही काही शिकवायचं राहून गेलं होतं. रक्त कसं न्यायचं हे आम्ही तिला सांगितलं होतं, कसं न्यायचं नाही हे कुणाला सुचलंच नव्हतं.