शिळं पाणी

आमच्या घरमालकांइतकं कमी पाणी वापरणारा आणि पाण्याबद्दल त्यांच्याइतकं जास्त बोलणारा माणूस या शहरात दुसरा झाला नसेल. बातमीदारीत मला पर्यावरणावर बोलणारे पुष्कळ भेटले. व्यासपीठावरून उतरले की ते आधी गाडीतला एसी लावत. घरमालकांचं तसं नव्हतं. ते जे बोलत ते घरी करून दाखवलं जाई. बोलण्याचं काम त्यांचं आणि करून दाखवण्याचं त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, एवढीच काय ती वाटणी होती. सिडकोतल्या त्यांच्या दुमजली घरात खाली आम्ही भाड्यानं राहत होतो, वर ते दोघं. मुलगा आणि सून परदेशात होते. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबरचे काही लोक देवाकडं वळले, काही शेअर बाजाराकडं. हे पृथ्वीकडं वळले, आणि पृथ्वीला त्याची कल्पना नसली तरी काकूंना फार लवकर आली.

सुरुवात प्लॅस्टिकच्या पिशव्यांपासून झाली. त्या त्यांनी घरातून हद्दपार केल्या. पण कापडी पिशवी विकत घेणं हीसुद्धा त्यांच्या हिशेबी चैनच, म्हणून कचेरीत घालून विटलेल्या पँटी त्यांनी काकूंकडून शिवून घेतल्या. दोन्ही पाय खालून बंद, कमरेला पट्टा, झाली पिशवी. ती खांद्यावर टाकून ते औरंगपुऱ्याच्या मंडईत जात. एका पायात दुधी, दुसऱ्यात शेवग्याच्या शेंगा, मागच्या खिशात कोथिंबीर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कुणा अशक्त नातेवाइकाला खांद्यावर घालून चाललेत. एकदा एका रिक्षावाल्यानं खरोखरच रिक्षा आडवी घातली आणि म्हणाला, "बैठो चचा, दवाखाने जाना क्या?" घरमालकांनी त्याला धुरावर चार शब्द ऐकवले आणि उरलेला रस्ता चालत काढला.

भांड्यांच्या साबणाची पाळी त्यानंतर आली. भांडी राखेनं घासायची असं ठरलं. आता गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरात राख कुठून येणार? घरमालकांनी शोध घेतला आणि शहागंजकडच्या एका नानच्या भट्टीशी संधान बांधलं. नान त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं आणि खाणारही नव्हते, पण दर शुक्रवारी डबा घेऊन भट्टीसमोर उभे राहत. भट्टीवाला एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "चचा, सारा शहर हमारे पास नान लेने आता, आप अकेले राख लेने आते. कभी तो कुछ खाओ." घरमालक त्यावर गंभीरपणे म्हणाले, "राख अच्छी है." ही राख चाळायची काकूंनी, तिनं भांडी घासायची काकूंनी आणि हाताला भेगा पडल्या की खोबरेल तेल लावायचं तेही काकूंनीच. खोबरेल घाण्याचं आहे, हे सांगायला मात्र घरमालक विसरत नसत.

गच्चीवर त्यांचा सोलर कुकर होता. मराठवाड्यात बाकी कशाचीही टंचाई पडेल, उन्हाची पडायची नाही, हा त्यांचा सिद्धान्त. एका रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सकाळीच तुरीची डाळ कुकरात चढली आणि काकू पदर डोक्यावर घेऊन त्याचा आरसा उन्हाच्या दिशेनं फिरवत बसल्या. ऐन बाराला एक ढग आला. आमच्याकडं येतात तसाच, पाऊस न देणारा आणि ऊनही न देणारा. घरमालक दिवाणखान्यात मला सूर्यशक्तीचं महत्त्व सांगत होते. तेवढ्यात काकू पातेलं पदराखाली धरून जिना उतरल्या, आमच्या गॅसवर वरणाला दोन उकळ्या आणल्या आणि आल्या पावली वर गेल्या. जेवताना घरमालकांनी वरणाचा भुरका मारला आणि डोळे मिटले. "गॅसच्या वरणाला ही चव येणं शक्य नाही," ते म्हणाले. काकू ताटातल्या लोणच्याकडं बघत होत्या.

पाणी हा मात्र त्यांचा खास प्रांत. आंघोळ ते मोठ्या घमेल्यात उभं राहून करत. घमेल्यात जमलेल्या पाण्यानं फरशी पुसली जाई आणि फरशीचं पाणी कुंड्यांत जाई. त्यामुळं त्यांच्या मोगऱ्याला फुलं कमी आणि साबणाचा वास जास्त येई. पाहुण्यांसाठीच्या पेल्यांवर त्यांनी काकूंच्या जुन्या नेलपॉलिशनं रेघा ओढल्या होत्या. पाहुणा टेकला की विचारत, "तहान किती आहे? पाव, अर्धा, की पूर्ण?" संकोचानं लोक पाव म्हणत आणि घरी जाऊन पाणी पीत.

हे सगळं काकूंनी चालवून घेतलं होतं. खटका उडाला तो त्या दुष्काळी वर्षी. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं होतं. शहराच्या कडेनं मात्र नवनव्या वसाहती उठत होत्या, आणि आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येऊ लागले होते, तेही आले तर. इथं आमच्या शहराची एक रीत सांगायला हवी. नळ आले की गृहिणी पहिलं काम करते ते साठवलेलं उरलंसुरलं पाणी ओतून देण्याचं. ते पाणी शिळं झालेलं असतं. ज्या पाण्याचा थेंब न् थेंब आठवडाभर जपला, ज्याच्यावरून शेजारणीशी अबोला धरला, ते नवं पाणी दिसताच नालीकडं वाहू लागतं. पाणी नासत नाही, झाकलं असलं तर त्याला काही होत नाही, हे सगळ्यांना कळतं. तरी सगळे ओततात. काकूसुद्धा, नवरा मंडईत गेला असेल तेव्हा, ओतत.

घरमालकांनी या रिवाजाविरुद्ध मोहीम काढली. नळ यायच्या आदल्या संध्याकाळी दोन बादल्या घेऊन ते घरोघर जात आणि म्हणत, "शिळं पाणी असेल तर द्या." पहिल्या आठवड्यात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात देऊ लागले, कारण ओतण्याचे कष्ट वाचत होते. तिसऱ्या आठवड्यात तर हक्कानं बोलावू लागले. "काका, आमचं राहिलं की. आमच्यावर काय राग आहे?" कोपऱ्यावरच्या वहिनी तर कूलरमधलं पाणीही काढून ठेवत. हे सगळं पाणी घरमालक गेटपर्यंत आणत आणि गेटपासून वर काकू नेत. आधी हौद भरला. मग गच्चीवरची टिपाडं, मग जिन्याखालचे ड्रम. पुढं घागरी, कळशा, पातेली भरली. घर भांड्याभांड्यानं भरत गेलं आणि घरमालक त्यातून सावकारासारखे हिंडू लागले.

अशातच एका सकाळी नळ अवेळी आले. गल्लीत धावपळ उडाली. वर काकू नळापाशी गेल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. घरात एकही भांडं रिकामं नव्हतं.

जिन्यातून त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"यातलं एक टिपाड तरी ओता," काकू म्हणाल्या.

"ओतू? अगं, पाणी आहे ते."

"मग नळाला येतंय ते काय आहे?"

"तेही पाणीच. पण ते येतंय. हे आपल्याकडं आहे."

भांड्यांवरची झाकणं एकेक करून उघडल्याचे आवाज आले. मग काकूंचा आवाज आला, "देवाच्या तांब्यातही भरलंत?"

"गाळून भरलंय."

"कुणाचं आहे हे?"

घरमालकांनी आठवून पाहिलं असावं. "कोपऱ्यावरच्या वहिनींचं," ते म्हणाले. "पण कूलरचं नाही. कूलरचं कुकरात आहे."

त्यानंतर घरमालकांनी पाणी वाया जाऊ नये म्हणून नळ बंद केला. तासाभरानं पाणी गेलं. माझी बायको ताज्या पाण्याची एक घागर घेऊन वर गेली, तर काकूंनी ती घेतली नाही. "माझ्या घरी नळ आहे," एवढंच म्हणाल्या. दुपारी त्या दोन साड्या घेऊन खाली उतरल्या. साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या, आणि ती पिशवी त्यांनी गल्लीत सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली होती. माझ्या बायकोला म्हणाल्या, "फुलंब्रीला दादाकडं जातेय. यांना सांगा, मी नसले की तेवढंच पाणी वाचेल."

घरमालकांनी पहिले दोन दिवस ही गोष्ट तत्त्वानं घेतली. माणूस कमी म्हणजे वापर कमी, असं मला सांगितलंही. मग राख संपली. रिठे भिजत घालून त्यांनी धोतर धुतलं, ते खाकी झालं. सोलर कुकरात डाळ लावून ते वर्तमानपत्र वाचत बसले. आरसा फिरवावा लागतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी ते माझ्या बायकोकडं आले आणि डाळ उन्हात नेमकी केव्हा शिजते, असं विचारू लागले. बायकोनं खरं काय ते सांगून टाकलं. ते ऐकून त्यांनी बराच वेळ आमच्या गॅसकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात कॅनॉटच्या बाजूला पावभाजीच्या गाडीवर ते मला दिसले. हातात थर्माकोलची प्लेट होती. मी नमस्कार केला नाही, त्यांनीही ओळख दाखवली नाही. गल्लीत "काका, शिळं काढून ठेवलंय" अशा हाका येत राहिल्या. ते बाहेर आले नाहीत. काकू त्यांचा फोन घेत नव्हत्या. सुनेचा घेत, आमचा घेत, यांचा नाही.

एका शनिवारी ते खाली येऊन म्हणाले, "उद्या मोकळे आहात का? फुलंब्रीपर्यंत जाऊन यायचं. मी एकटा गेलो तर ती आत निघून जाईल." गाडी नको म्हणाले. धुराचं कारण त्यांनी दिलं, पण नेहमीच्या जोरानं नाही. आम्ही एसटीनं गेलो. वाटेत ते पुटपुटत होते. भूजलाची पातळी वगैरे शब्द कानावर येत होते. काकूंना काय सांगायचं याची ती तयारी होती.

काकू ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत. त्यांचे थोरले भाऊ खाटेवर होते. ते म्हणाले, "या दाजी, बसा. पाणी टँकरचं हाय. लई ताजं नाय, पण आमचं हाय."

घरमालकांनी घसा साफ केला. "हे बघ, पुढच्या पिढ्यांचा विचार केला तर…"

"रिकामं बोलू नका," काकू म्हणाल्या. "चिंचा फोडू लागा."

ते मांडी घालून बसले आणि चिंचा फोडू लागले. चिंचोके एकीकडं, गर एकीकडं. चिंचांचा ढीग निम्मा झाल्यावर काकूच बोलल्या. "मला एक हंडा पाहिजे."

"घेऊ ना. तांब्याचा घेऊ."

"घरात आहे, नवा नको. एक हंडा माझा. नळ आले की तो मी ओतणार, शिळा म्हणून. तुम्ही बोलायचं नाही."

मी मंत्र्यांना अडचणीच्या प्रश्नाला बगल देताना पाहिलं आहे. घरमालकांनी तसं केलं नाही, हातातली चिंच फोडून गर बाजूला ठेवला.

"अर्धा हंडा चालेल का?" त्यांनी विचारलं.

खाटेवर भाऊ हसले. "दाजी, बायको नेताय का भाजी घेताय?"

"पूर्ण," काकू म्हणाल्या.

"कुंडीत ओतला तर?"

"रस्त्यावर. सगळ्या बायका ओततात तिथं." काकूंनी हातातली चिंच खाली ठेवली. "चाळा म्हटलं, चाळलं. घासा म्हटलं, घासलं. उन्हात बसा म्हटलं, बसले. मला पटलं म्हणून नाही, तुम्ही म्हणालात म्हणून. त्या घरात एक तरी गोष्ट माझ्या मनानं होऊ द्या. मग ती चुकीची का असेना."

घरमालक आपल्या चिंचेनं चिकट झालेल्या बोटांकडं पाहत राहिले. "बरं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळच्या एसटीनं आम्ही तिघं परतलो. पुढच्या वेळी नळ आले तेव्हा काकूंनी गेटबाहेर हंडा ओतला. घरमालक त्या वेळी आतल्या खोलीत होते. मोहीम बंद पडली. टिपाडं हळूहळू रिकामी झाली. गॅसवरच्या वरणाला ते चांगलं म्हणू लागले. बाकीची व्रतं चालू राहिली, पण राख तेच चाळू लागले. चाळल्यावर हाताला भेगा पडतात, ही माहिती त्यांनी मला नव्यानं लागलेल्या शोधासारखी दिली.

पुढं आम्ही घर बदललं. शहर बीड बायपासच्याही पलीकडं गेलं, जुन्या गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते झाले, नळ येण्यातलं दिवसांचं अंतर कमी काही झालं नाही. मध्यंतरी एका सकाळी त्या बाजूला काम होतं म्हणून जुन्या गल्लीतून गेलो. नळ नुकतेच आले होते. काकू वर गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळं आता जिना उतरता येत नाही, हे मला फोनवरून कळलं होतं. घरमालक एकेक पायरी उतरत खाली येत होते. दोन्ही हातांत भरलेला हंडा होता. गेटबाहेर येऊन त्यांनी तो वाकवला. पाणी सिमेंटवरून उताराला लागलं.

"सगळं ओता," काकू वरून म्हणाल्या. "तळाशी ठेवू नका."

त्यांनी हंडा आणखी कलता केला. शेवटची धार पडेपर्यंत धरून ठेवला. मग माझ्याकडं लक्ष गेलं. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "तिचा आहे हा."

रिकामा हंडा काखेत धरून ते ओला रस्ता वाळेपर्यंत तिथंच उभे राहिले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याला फारसा वेळ लागत नाही.