न दुखणारा बूट

बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर त्याला सगळे दुखणेकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. बत्तीस वर्षं हा माणूस आल्या गिऱ्हाईकाला ना या म्हणाला ना बसा. स्टुलावर बसून मान वर न करता तो एवढंच विचारायचा, "कुठे दुखतंय?"

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्याची खोली होती. एक तिरकं छत, रबराची कायम ओली चटई, स्केटच्या पात्यांना धार लावायचं चाक, बूट तापवायची छोटी भट्टी आणि बर्फाकडे उघडणारी एक जाड काच. नवा हॉकीचा स्केट म्हणजे सासुरवाडीला पहिल्यांदा आलेला जावई. ताठ, फुगलेला, आणि कशानेच खूश नाही. त्याला वळणावर आणणं हे काकाचं काम. आधी तो बुटातला तळवा काढून गिऱ्हाईकाला त्यावर उभा करायचा, मग बूट काही मिनिटं भट्टीत ठेवायचा. गरम बूट पायात चढवून नाड्या आवळायच्या आणि पाव तास हलायचं नाही. उठायचं तर मुळीच नाही. कोणी उठला की काका खेकसायचा, "बुडाला मुंग्या चावल्या का? बस खाली!"

मग यायची लिपस्टिक. जिथे दुखतंय तिथे पायाच्या हाडावर भडक लाल ठिपका लावायचा आणि पाय पुन्हा बुटात घालायचा. आत जिथे लाल उमटलं, तिथेच शिकंज्यात धरून बूट बाहेर फुगवायचा. पुन्हा घाला, पुन्हा विचारा. दर दोन महिन्यांनी हा बिनलग्नाचा माणूस दुकानात जाऊन एक लिपस्टिक घ्यायचा आणि दुकानदारीण त्याच्याकडे बघून गालात हसायची. हसू दे बापडी. त्याच्या हातून गेलेल्या पायाला फोड येत नसे, ही गोष्ट सगळ्या संघांना ठाऊक होती आणि त्यालाही ठाऊक होती. जरा जास्तच ठाऊक होती म्हणा ना.

तर अशा माणसाकडे एका दुपारी त्याचा धाकटा भाऊ कोरे करकरीत स्केट घेऊन आला.

धाकटा एकावन्न वर्षांचा, बसच्या डेपोत मेकॅनिक. अंगाने दणकट, स्वभावाने गप्पिष्ट आणि अकरा वर्षांपासून साखरेचा रोगी. तरुणपणी चांगला खेळायचा. मध्ये सगळं सुटलं होतं. आता डेपोतल्या पन्नाशीच्या लोकांनी संघ काढला आणि हा पुन्हा पेटला. त्याच्या मागोमाग त्याची बायकोही आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"भाऊजी, डॉक्टर काय म्हणालेत ते तुम्हाला सांगायला आलेय, कारण हे सांगणार नाहीत," ती म्हणाली. "खेळा म्हणाले. पण पायाला फोड येता कामा नये. एकसुद्धा नाही. आला तर चिघळेल, आणि चिघळला तर पाय राहील की नाही याची हमी नाही."

"झालं हिचं पुराण सुरू," धाकटा हसला.

काका हसला नाही. दोघांच्या वडिलांचा डावा पाय याच साखरेने गुडघ्यापासून गेला होता, आणि त्यानंतर वडील दीड वर्षंच होते. त्या दीड वर्षात त्यांना अंघोळ काकानेच घातली होती.

"तुमच्या भरवशावर सोडतेय," ती म्हणाली.

"माझ्या हातून आजवर कोणाला फोड आलाय?" काका म्हणाला. बोलला ते खरंच होतं. पण अशी वाक्यं माणसाने मनात ठेवावीत, बरं का. तोंडातून निघाली की ती आपल्यावरच उलटायला टपून बसतात.

त्या दिवशी काकाने जीव ओतला. तळवा मोजला, टाच मागे नीट दाबली, भट्टीचा काटा तीनदा बघितला. पाव तास झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला.

"कुठेच नाही," धाकटा म्हणाला.

"नीट बघ. घोट्याशी? करंगळीपाशी?"

"अरे नाही ना दादा. लोण्यात पाय ठेवल्यासारखं वाटतंय."

काकाचा लिपस्टिक धरलेला हात तसाच राहिला. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. पहिल्या बसवणीला कुरकुरला नाही असा पाय त्याने पाहिलाच नव्हता. मग त्याने स्वतःचाच बूट काढला. दोघांचं माप एकच, एकाच आईची पावलं. त्याने धाकट्याचा स्केट आपल्या पायात चढवून पाहिला. करंगळीपाशी जरा चावत होता. तेवढी जागा त्याने फुगवली, पुन्हा घालून बघितला आणि त्याचं समाधान झालं. इथेच त्याची चूक झाली. ज्याचा पाय त्याचंच दुखणं, हे आयुष्यभर लोकांना सांगणारा माणूस भावाचा बूट स्वतःच्या पायावर जोखून मोकळा झाला.

पुढचे दोन आठवडे धाकटा रोज अर्धा तास बर्फावर उतरे. त्याची बायको रोज संध्याकाळी त्याचे पाय मांडीवर घेऊन चष्मा लावून बघे आणि काकाला फोन करी. "आज टाचेला जरा लाली आहे, भाऊजी." दुसऱ्या दिवशी, "लाली कालच्यापेक्षा थोडी जास्त वाटतेय." धाकटा मागून ओरडे, "पाय आहे तो, तान्हं बाळ नाही! झोपव त्याला अंगाई म्हणून!"

चौदाव्या दिवशी काकाने विचारलं, "त्याला दुखतंय का?"

"नाही म्हणतात."

"मग झालं तर. अगं, न दुखता फोड येत नाही. आधी पाय बोंबलतो, मग फोड येतो. मी हेच करत म्हातारा झालो. रोज रोज पाय बघून त्याला रोगी करून ठेवू नकोस."

"तुम्ही म्हणता तर ठीक," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन आला नाही. काकाला चुकल्यासारखं झालं, पण त्याने तो विचार झटकला. हाताखाली आठ जोड पडले होते.

नऊ दिवस गेले.

रविवारी सकाळी डेपोवाल्यांचा सामना होता. काका चाकाशी बसून मधूनच काचेतून बघत होता. धाकटा बर्फावर तरुणासारखा वळत होता. एक गोल त्याने केला, दुसऱ्याला पास दिला. काकाचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. हे आपल्या हातचं, असं त्याला वाटलं. दुसरा डाव संपला आणि धाकटा पात्यांवर खडखडत पायऱ्या उतरून खोलीत आला, घामाने निथळत.

"दादा, उजवा बूट आतून ओला लागतोय रे. बाकी झकास. तळवा बदलून दे पटकन, दहा मिनिटं आहेत."

"बस."

धाकटा काचेकडे तोंड करून बाकावर बसला आणि पाय त्याने काकाच्या मांडीवर टाकला. काकाने नाड्या सोडल्या आणि टाच धरून बूट ओढला.

आधी वास आला. घामाचा वास काकाला जन्माचा परिचित होता. हा घामाचा नव्हता. हाताला लागलेला ओलावा चिकट होता. राखाडी मोजा टाचेपासून वर वीतभर काळा पडला होता.

देवा, असू नये, असं तो मनातल्या मनात म्हणाला आणि मोजा गुंडाळत खाली आणू लागला. टाचेपाशी मोजा अडकला. कातडीला चिकटला होता. दुसऱ्या कोणाचा पाय असता तर तो छताला डोकं आपटेपर्यंत उडाला असता. काकाने कोमट पाण्याचं फडकं लावलं, थांबला, आणि दात आवळून ओढला. मोजा सुटला. त्याबरोबर आणखीही काही सुटून आलं. टाचेच्या जागी रुपयाएवढा खड्डा होता आणि त्याच्या कडा पांढऱ्या होत्या.

धाकटा काचेतून बर्फाकडे बघत होता. "तो लंबू बघितलास का? दोनदा समोरून चेंडू नेला माझ्या. चेंडू कसला, चकती! अजून जुनीच सवय," तो म्हणत होता. "पुढच्या डावात त्याला दाखवतो. काढ ना लवकर मोजा, दादा. बूट काढून किती वेळ नुसता बसलायस?"

काकाच्या हातात मोजा होता. साखरेने बधिर झालेला पाय बोंबलणार तरी कसा, हे त्याला आत्ता कळलं.

"दादा?"

"काढतोय," काका म्हणाला. त्याने स्वच्छ टॉवेल पायाला गुंडाळला, वरून दोनदा गाठ मारली आणि दुसरा बूटही काढून टाकला. मग तो पाठ करून धाकट्यासमोर उकिडवा बसला.

"चढ पाठीवर."

"काय?"

"पाय जमिनीला लावायचा नाही. गाडी बाहेर आहे. चढ!"

"डोकं फिरलं का तुझं? सामना आहे माझा! काही दुखतबिखत नाहीये मला!"

"चढतोस की नाही?" काका असा ओरडला की बाहेर पायऱ्यांवर कोणीतरी बोलता बोलता थांबलं.

धाकटा चढला. नव्वद किलोचा माणूस, आणि खाली अठ्ठावन्न वर्षांची पाठ. काका भिंतीला धरून उठला आणि अकरा पायऱ्या एकेक करून चढू लागला. वर संघातले लोक टाळ्या पिटायला लागले. कोणी म्हणालं, नवरदेवाची वरात निघाली. धाकट्यालाही हसू आवरेना. काकाच्या कानाशी त्याचं हसू गदगदत होतं आणि टॉवेलातला पाय काकाच्या कमरेशी हिंदकळत होता.

"लोक बघतायत रे दादा, सोड ना."

"हसू नकोस," काका म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "गळ्याला घट्ट धर."