वरच्या फळीवरची गाय

तळ्याकाठी आपल्याइतकी कडक सौना दुसऱ्या कोणाकडे नाही, असं आर्मास हाउताला ठासून सांगायचा. लाकडी भिंतींची ती छोटी खोली त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती. एकतीस वर्षं दर शनिवारी पाच वाजता त्याचा मित्र तौनो खांद्यावर पंचा टाकून तिथे येई. वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात तौनो, उजव्या कोपऱ्यात आर्मास. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, वाफ अंगावर घ्यायची, तळ्यात उडी मारायची आणि शेवटी सॉसेज भाजून खायचे. बोलणं जेमतेम दहा वाक्यांचं, पण आर्मासला ती आठवडाभर पुरत.

यंदा मे महिन्यात शेजारची जागा इल्पो नावाच्या निवृत्त दंतवैद्याने घेतली. त्याने विजेच्या शेगडीची नवी सौना बसवली, आणि जूनपासून तौनो आर्मासच्या फाटकावरून सरळ पुढे जाऊ लागला. विचारलं की म्हणे, सर्दी झालीय. पण झाडांमधून आर्मासला इल्पोच्या पायऱ्यांवर बसलेला तौनो दिसे, टकलावरून वाफ निघत असलेला.

"तिथे काय सोनं लागलंय?" आर्मास बायकोला म्हणाला.

"जाऊन बघ ना! इल्पो तीनदा बोलावून गेला," हिल्का म्हणाली. "नवरा पळून गेलेल्या बाईसारखा खिडकीत काय बसतोस?"

"त्याची सौना म्हणजे कोमट न्हाणीघर. मी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करून दाखवतो."

थर्मामीटरवर त्याचा भरवसा नव्हता. तो अडकवायचा खिळा छताजवळ ठोकला की शंभर अंश आयते मिळतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण स्वतःचा खिळा त्याने तसाच ठोकला होता. म्हणून नातीच्या खेळण्यांतून त्याने प्लास्टिकच्या दोन तांबड्या गायी उचलल्या आणि वहीत लिहिलं: 'नमुना अ, शेजारची सौना. नमुना ब, आपली सौना. दोन्ही गायी एकाच डब्यातल्या. गृहीतक: खऱ्या सौनेत गाय उभी राहू शकत नाही.'

शनिवारी दुपारी बारापासून त्याने शेगडीत बर्चची लाकडं कोंबली. नमुना ब वरच्या फळीवर ठेवला आणि नमुना अ पंच्यात गुंडाळून तो इल्पोकडे गेला.

"आलास एकदाचा!" इल्पोने दार उघडलं. तौनो आत होता. त्याने मान खाली घातली.

सगळे उघडे होऊन बसल्यावर आर्मासने पंचा उलगडला.

"ही पण सौनेला आलीय?" इल्पोने विचारलं.

"निरीक्षणासाठी," आर्मास गंभीरपणे म्हणाला.

वीस मिनिटं झाली. गाय जशीच्या तशी. त्या वेळात तौनो इल्पोशी मासेमारीच्या जाळ्यांबद्दल सतरा वाक्यं बोलला. आर्मासने ती मनात मोजली आणि त्याला उष्णतेपेक्षा जास्त चटका बसला.

"चला आता माझ्याकडे. दोघंही!"

आर्मासच्या सौनेचं दार उघडताच धग तोंडावर आली. नमुना बचे पाय कधीच वितळले होते. पोट फळीवर पसरलं होतं, शिंगं कानांत शिरली होती. गाय बसली होती ती नेमकी डाव्या कोपऱ्यात.

आर्मासने वही उघडली. "नमुना अ: शिंगंसुद्धा ताठ. नमुना ब: जनावर ओळखू येत नाही. निष्कर्ष..."

इल्पो पोट धरून हसायला लागला. तौनो हसला नाही.

"आर्मास, मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, सत्तर अंशांच्या वर बसायचं नाही. माझं हृदय थकलंय."

आर्मासच्या हातातली वही आपोआप मिटली. "मग मला बोलला का नाहीस?"

"तुला? 'सौना गार कर' म्हणून? एकतीस वर्षांत कोणाची हिंमत झालीय?"

"त्याला बरं सांगितलंस!"

"त्याला सांगणं सोपं होतं. तो माझा कोण लागतो?"

इल्पो स्वतःच्या पायांकडे बघू लागला. आर्मासच्या पोटातली आग मात्र त्या एका वाक्याने बरीच खाली आली.

गाय खरवडायला त्याला दोन दिवस लागले, तरी फळीवर तांबडा डाग राहिलाच. मग त्याने थर्मामीटरचा खिळा उपटला आणि बसल्यावर डोकं येतं त्या उंचीवर ठोकला. पुढच्या शनिवारी मोजकीच लाकडं जाळली. अडुसष्ट अंश.

पाच वाजता तौनो खांद्यावर पंचा टाकून आला आणि डागावर बसला.

"बरं वाटतंय?" आर्मासने विचारलं.

"बरं."

 आर्मासने दगडांवर अर्धा डाव पाणी ओतलं.

"इल्पो एकटाच असेल तिकडे," तौनो म्हणाला. "बोलवू का?"

आर्मासने डाव बादलीत ठेवला, फळीवरची मोकळी जागा पाहिली आणि तिथे स्वतःचा पंचा पसरला.

"बोलव. पण तो खालच्या फळीवर बसेल."