तातेराव सरांची सात मिनिटं

सेनगावात बसस्टँडच्या मागे, खताच्या दुकानावरच्या माडीत तातेराव सरांचा टायपिंगचा क्लास आहे. सर आता साठीला आले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेन आणि हातात लाकडी पट्टी. त्या पट्टीने सरांनी कधी रेघ मारलेली मी पाहिली नाही. ती बोटांसाठी आहे. शाळकरी पोरगी असो की दोन लेकरांची आई, चुकीचं बोट चुकीच्या कळीवर गेलं की पट्टी बसते. वर सर म्हणतात, "कापून टाकू का ते बोट? तुला तं काईच कामाचं दिसत न्हाई."

मी धम्मानंद. रस्त्याच्या पलीकडे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. क्लासातले बाराही कॉम्प्युटर मीच बसवले, मीच सांभाळतो. तेव्हा या गोष्टीत मी नुसता बघणारा नाही, भागीदार आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

टाइपरायटरच्या काळात सरांचा दरारा खरा होता. मुलांकडे पाठ करून ते खिडकीशी उभे राहायचे, हातात स्टॉपवॉच. मागे सोळा मशीनांचा खडखडाट चाललेला. आणि सर न वळता सांगायचे, "पाच नंबर, अठ्ठावीस. नऊ नंबर, झोपली का गं?" नंतर कागदावरचे शब्द मोजले की आकडा बराबर निघायचा. सरांचा कान ही तालुक्यात सांगायची गोष्ट होती. मी त्याच क्लासात शिकलो, पट्टीही खाल्ली, म्हणून खात्रीने सांगतो.

मग परीक्षा कॉम्प्युटरवर आली. सरांनी मशीनं भंगारात घातली, त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणतात. नांदेडच्या एका बंद पडलेल्या संस्थेतून बारा जुने कॉम्प्युटर उचलून आणले. पोरं पेनड्राइव्हमधून रोज नवा व्हायरस आणायची, आठवड्याला दोन मशीनं झोपायची. मी वैतागून मशीनांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, त्याला हे व्हायरस लागत नाहीत. पण सरावाचा प्रोग्रॅम, म्हणजे जो उतारा दाखवतो, वेळ मोजतो आणि शेवटी वेग सांगतो, तो फक्त विंडोजवर चालायचा. म्हणून प्रत्येक मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन बसवलं. सोप्या भाषेत, एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. बाहेर लिनक्स, आत विंडोज. आपण कुणाच्या पोटात आहोत याचा आतल्याला पत्ताच नसतो.

त्यात सरांची काटकसर. प्रोग्रॅमचा परवाना एका कॉम्प्युटरपुरता आणि एका वर्षापुरता. मी आतला कॉम्प्युटर एकदाच तयार केला आणि त्याच्या नकला बाराही मशीनांत टाकल्या. प्रोग्रॅमला वाटायचं, आपण एकाच ठिकाणी बसलोय. राहिली वर्षाची मुदत. बाहेरचं घड्याळ आतल्या घड्याळाला अधूनमधून खरी वेळ सांगत असतं. ती सोय मी बंद केली. एका चौकोनातली टिक काढली आणि आतला कॉम्प्युटर रोज त्याच जपून ठेवलेल्या पहिल्या दिवसापासून सुरू होईल असं केलं, एवढंच काम. त्यानंतर आतल्या कॉम्प्युटरमध्ये रोज सकाळी तीन जून दोन हजार सोळाच उजाडायला लागला. सर खूश झाले. "लेका, तू तं तारीखच बांधून टाकली," म्हणाले आणि चहा पाजला. स्टॉपवॉच त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. आता वेळ मोजायला कॉम्प्युटर होता.

पुनम क्लासात आली तेव्हा तिचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. माऊली त्याचं नाव. तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. सिद्धेश्वरच्या रस्त्यावर जीप उलटली, त्यात गेला. अनुकंपेवर त्याच्या जागी पुनमला घेतलं. नेमणुकीच्या कागदावर अट होती, दोन वर्षांत मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. तिला तीनदा बसता येणार होतं.

तिची सासू नर्मदाबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होती की ही जागा धाकट्या पोराला मिळायला पाहिजे होती. नवरा खाऊन बसली अन् खुर्चीही खाल्ली, असं ती चारचौघांत बोलायची. पुनमला पाच वर्षांची मुलगी. सेनगावात भाड्याची एक खोली. नोकरी गेली तर त्याच सासूच्या दारात परत जायचं, हे तिला आणि आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ती सकाळी सातला यायची, नऊपर्यंत बसायची, मग कचेरी. सुरुवातीला पट्टी खूप खाल्ली. कधी रडली नाही, हात झटकून पुन्हा कळीवर ठेवायची. पहिल्या परीक्षेला जाताना क्लासात तिचा वेग एकतीस होता. नापास. दुसऱ्या वेळी तेहतीस. पुन्हा नापास, उतारा पुराच होईना.

सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "भीती! हितं वाघीण, अन् हिंगोलीच्या हॉलमधी गेली की शेळी. हात कापून राहिले असतील, दुसरं काय?" गेली काही वर्षं क्लासातली बरीच पोरं अशीच पडत होती. इथे पास, तिथे नापास. ज्यांचा वेग चाळिशीला टेकला होता तीच तेवढी तरून गेली आणि त्यांचे फोटो भिंतीवर लागले. बाकीच्यांनी मान्य केलं की आपण भित्रे. पुनमने भीती जावी म्हणून औंढ्याच्या नागनाथाला सोळा सोमवार बोलले. उपाशीपोटी सकाळी टाइप करायची.

तिसऱ्या आणि शेवटच्या परीक्षेला अठरा दिवस होते. मी सहा नंबरची हार्डडिस्क तपासायला गेलो होतो. त्या तपासणीला सात मिनिटं लागतात, म्हणून मोबाईलवर गजर लावला. शेजारी पाच नंबरवर पुनमने त्याच क्षणी उतारा सुरू केला. तोही सात मिनिटांचा. माझा गजर वाजला तेव्हा ती टाइप करतच होती. मी सहज तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक मिनिट चौदा सेकंद शिल्लक होते.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तिने दुसरा उतारा घेतला तेव्हा मी पुन्हा गजर लावला. पुन्हा तेच. थकलेल्या जुन्या मशीनवर दोन कॉम्प्युटरांचं ओझं, त्यात आतल्या घड्याळाचे ठोके गळत होते. असं होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. बाहेरचं घड्याळ ते भरून काढतं, पण त्याचं तोंड मीच बांधून ठेवलं होतं. आमच्या क्लासातली सात मिनिटं म्हणजे जगातली साडेआठ. पुनमचा स्क्रीनवरचा चौतीस म्हणजे खरा अठ्ठावीस. हॉलमध्ये तिचे हात कधी कापलेच नव्हते. तिला दोन शब्द कमी पडत होते आणि ते कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मी सरांना जिन्यात बोलावून सगळं सांगितलं. ते आत गेले, ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढलं आणि कित्येक वर्षांनी मुलांकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. पुनम टाइप करत होती. सर परत जिन्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"व्हय," ते म्हणाले. "अठ्ठावीसच."

मग म्हणाले, "मला वाटून राहिलं होतं, धम्मा. पोरी हळू वाजतेत असं लई दिवसांपासून वाटून राहिलं होतं. म्हटलं, आपले कान गेले. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलल?"

मला त्यांची दया आली. ती फार टिकली नाही.

"सर, आत्ता टिक लावतो, परवाना नवा घेऊ," मी म्हणालो. "अठरा दिवस आहेत. दोनच शब्दांचा प्रश्न आहे. पुनमताई मेहनती आहेत, भरून काढतील."

"अन् बाकीच्यांना काय सांगू? काल चौतीस होता, आज अठ्ठावीस काहून झाला? साठ लेकरं हायेत क्लासात. अन् मागचे पडलेले? ते तं या जिन्यात येऊन बसतील."

"मग निदान पुनमताईंना एकटीला सांगू."

"बाईच्या पोटात राहते का काई? दुपारपस्तोर सेनगावभर होईल." सरांनी पट्टी तळहातावर आपटली. "अन् एक सांग. टिक कोनं काढली? म्या काढली का?"

सगळं दुकान त्या एका वाक्यात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तालुक्यातल्या शाळा, सोसायट्या, पतपेढ्या, सगळीकडची मशीनं माझ्याकडेच येतात. ज्याने साठ पोरांचं वर्ष बुडवलं त्याच्याकडे कोण येईल? सर म्हणाले, परीक्षा झाल्यावर बघू. मी बरं म्हणालो. इतकं सोपं असतं ते.

परीक्षेच्या चार दिवस आधी पुनम हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला दुकानात आली. उपासाने वाळली होती, पण खुशीत होती.

"धम्मानंद भाऊ, काल पस्तीस आला," ती म्हणाली. "सर काई बोललेच न्हाईत. पट्टीसुद्धा मारत न्हाईत आताशा."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मशीन गरम व्हायला मिनिटभर लागतं, तेवढा वेळ होता. मी म्हणालो, "ताई, अजून थोडा वाढवा ना वेग. चाळीसपर्यंत न्या."

ती हसली. "चाळीस कशाला? तीस तं लागतेत. आता फक्त भीती सोडायची. सोमवार पुरे झाले माझे."

झेरॉक्स निघाली. मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. माझा सगळा पश्चात्ताप तेवढ्यात आटोपला.

हिंगोलीहून ती संध्याकाळच्या एसटीने परत आली. मी दुकानातून पाहिलं, ती बसमधून उतरून तशीच उभी होती, कुणीतरी पुढे ढकललं तेव्हा चालायला लागली. नऊ शब्द राहिले होते, एवढंच तिने सांगितलं. निकालानंतर महिन्याभरात सेवा संपल्याचा कागद आला. नर्मदाबाई मुद्दाम गावाहून आली आणि खोलीच्या दारात उभी राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं लेकरू गेलं तवा ही नोकरी आली होती. हिला तीपन राखता आली न्हाई."

आणि सर? त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासात नव्या पोरांसमोर सर म्हणाले, "ती पुनम बघा. हितं पस्तीसचा स्पीड. हॉलमधी हातपाय गाळले. तुमचं तसं करू नका." मी तिथेच होतो, बारा नंबरचा माऊस बदलत. मला सरांच्या हातातली पट्टी हिसकावून त्यांच्याच बोटांवर मारावीशी वाटली. मी माऊस बदलला आणि खाली आलो.

चार-सहा दिवसांनी मी पुन्हा विचारलं, "सर, आता तरी टिक लावू?"

"आता लावली तं तिला कळल ना," ते म्हणाले. "नोकरी निस्ती भीतीनं गेली असं समजून ती जगून राहिली. दोन शब्दांनं गेली, अन् आपल्याला ठाऊक होतं, हे कळल्यावर जगल का? तिच्यासाठीच राहू दे तसंच."

मला ते पटलं. म्हणजे मी ते पटवून घेतलं. दयेच्या नावाखाली किती घाण झाकता येते, ते मला त्या दिवशी कळलं.

सरांनीच मग तिला क्लासात शिकवायला ठेवलं. लोक म्हणाले, मास्तर तोंडाचा फटकळ, पण मनाचा मोठा. सर आता दुपारी घरी झोपतात, क्लास तीच बघते. ती पट्टी वापरत नाही. पोरी तिच्यावर जीव टाकतात. नवी पोरगी परीक्षेला निघाली की पुनम तिचे दोन्ही हात हातात घेते आणि सांगते, "बोटं तुझी चांगली हायेत. तिथं फक्त भिऊ नको. मी भ्याले, म्हणून पडले."

महिन्यातून एकदा मी मशीनं बघायला जातो. परवा दुपारी गेलो तेव्हा क्लास रिकामा होता. पुनम पाच नंबरवर एकटीच टाइप करत बसली होती. शेजारी तिची मुलगी वहीत रंग भरत होती. सात मिनिटं संपली, आमची सात मिनिटं, आणि स्क्रीनवर छत्तीस आला. आतल्या कॉम्प्युटरमध्ये तेव्हाही तीन जून दोन हजार सोळाच होता. त्या तारखेला माऊली जिवंत होता.

"बघा भाऊ, छत्तीस," ती म्हणाली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुमी तं कॉम्प्युटरमधलं सगळं जाणता. खरं सांगा, हात तेच, कळी त्याच. मग तिथंच काहून होत न्हाई हो मला?"

गजर लावायचा मोबाईल माझ्या खिशात होता. टिक लावायला दहा सेकंद लागतात.

"भीती असेल, ताई," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि नवा उतारा घेतला.