डाव्या सीटची उंची

माझ्या पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट जवळजवळ नवं होतं आणि डावीकडचं झिजून भोक पडलेलं. ते भोक बाबांच्या उजव्या टाचेनं पाडलं. मी गाडी चालवायला लागले की शेजारी बसून तेही ब्रेक दाबायचे. तिथं ब्रेक नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? सिंचन खात्याची जीप त्यांनी नोकरीभर चालवली. पण पाय ऐकायचा नाही. समोर म्हैस आली की खाली धप्प आवाज यायचा आणि मग आम्ही दोघंही काही झालंच नाही असं समोर बघायचो.

गाडी त्यांनीच निवडली होती, विष्णुपुरीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनीच शिकवली. मला लातूरला एका लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा "नवीन हायस अजून" म्हणून ते दर सोमवारी पहाटे नांदेडहून माझ्याबरोबर यायचे. लोहा, अहमदपूर, चाकूर. लातूरला उतरून एसटीनं परत जायचे. वाटेत आमचं बोलणं म्हणजे "हॉर्न दे", "गियर बदल", "समोर ट्रॅक्टर हाय". बस. आठवडाभर मी लातूरलाच राहते, लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासते. मशीनला काही विचारायचं नसतं आणि मलाही कुणी फारसं विचारत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळं माझं मराठी इथल्या लोकांना परगावचं वाटतं. "पुण्याच्या का तुम्ही?" असं दुकानदार विचारतात. नांदेडची म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही. मग मी बोलणं आणखी कमी करते. सोमवारचे ते "हॉर्न दे" मला शनिवारपर्यंत पुरवावे लागायचे.

मग बाबांचे गुडघे गेले. गाडी ठेंगणी होती, सीट जमिनीला टेकल्यासारखी. एकदा लातूरच्या बसस्टँडसमोर त्यांना उतरताच येईना. दोन रिक्षावाल्यांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. बाबा हसत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, गाडीला जॅक लावावा का तुम्हाला?" बाबा त्यावरही हसले. पुढच्या सोमवारी म्हणाले, "आज न्हाई येत. बँकेत काम हाय." त्याच्या पुढच्या सोमवारी दुसरं काम निघालं. मग कामं निघायची थांबली आणि येणंही थांबलं. आमच्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत. आईनं डब्याची पिशवी डाव्या सीटवर ठेवायला सुरुवात केली, एवढंच.

अहमदपूरच्या अलीकडं रस्ता सरळ आहे. तिथं मी एकदा उगीचच हॉर्न दिला. समोर काहीच नव्हतं.

मला उंच गाडी हवी होती, बाबांना बसता-उठता येईल अशी. हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी म्हटलं, "गाडी जुनी झाली. बदलावी म्हणते."

"चांगली तर चालून राहिली," आई म्हणाली.

बाबा पेपर वाचत होते. "बदलू दे की. चालवायची तिला हाय."

"तुम्ही बघायला येता?" मी विचारलं.

"माझं काय काम? तुला कळतं सगळं."

म्हणजे येत नाहीत. गाडी बघायला यायचं तर आधी माझ्या गाडीत बसावं लागणार, आणि तिथंच तर सगळं अडलं होतं.

गॅलरीत एक लाकडी खुर्ची आहे. घरात तिच्यावरून तेवढं बाबा हात न टेकता उठतात. ते खाली दूध आणायला गेले तेव्हा मी सुतळीनं त्या खुर्चीची उंची मोजली, जमिनीपासून बैठकीपर्यंत, आणि तिथं गाठ मारली. सुतळी पर्समध्ये टाकली.

लातूरला रिंगरोडच्या बाजूनं जुन्या गाड्यांची यार्डं आहेत. आमच्याकडं गाडी बघायला चार माणसं जातात. एक भाऊ, एक मेव्हणा, एक ज्याला इंजिन कळतं तो आणि एक ज्याला काही कळत नाही पण भाव पाडता येतो तो. मी एकटी गेले. यार्डवाल्यानं माझ्या मागं फाटकाकडं पाहिलं, बाकीचे गाडी लावून येत असतील म्हणून.

"घरचं कोणी आलं न्हाई का, ताई?"

"नाही."

"येतील ना मागून?"

मी नाही म्हणायचा कंटाळा केला. त्यानं एका पांढऱ्या गाडीचं उजवं दार उघडलं. मी वळसा घालून डावं दार उघडलं, बसले, उतरले, परत बसले. मग सीटच्या कडेला सुतळी धरून टोक जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडली. गाठ सीटच्या बरीच वर राहिली.

"ताई, स्टेअरिंग इकडं हाय."

"माहिती आहे."

"आन् हे काय मोजून राहिलात?"

"उंची."

"गाडीची उंची लग्नाच्या पोरीसारखी कोण मोजतं?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मी पुढच्या गाडीकडं वळले. दोन-तीन शनिवार असेच गेले. कुणाचं इंजिन छान होतं, कुणाचे टायर नवे होते, गाठ मात्र कुठंच जुळेना. यार्डातली माणसं मला ओळखायला लागली. मी आले की एक जण दुसऱ्याला खूण करायचा. मला ते दिसायचं.

शेवटी जुळली ती एका आडत व्यापाऱ्याची गाडी. मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, बोलायला मोकळे. त्यांनी आधी चहा सांगितला, मग गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. "हां, हां. नांदेडकडचे," ते म्हणाले आणि कपाची बशी थोडी सरळ केली. असं "हां, हां" मी शाळेपासून ऐकत आले आहे. त्यात वाईट काही नसतं, फक्त त्यानंतर लोक जरा जपून बोलतात.

गाडी उंच होती. मी डावं दार उघडलं, सुतळी सोडली. गाठ सीटच्या बरोबर काठावर आली. मी परत मोजलं.

ते बघत होते. हसले नाहीत. "कुणाला बसवायचंय?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बाबांना. गुडघ्यांचा त्रास आहे."

"मग हीच घ्या. आमची आई पुढंच बसायची. तिला वाकायचं जमायचं न्हाई." त्यांनी दाराच्या वरचं हँडल ओढून दाखवलं. ते गुळगुळीत झालं होतं. "आता तिला कुठं जायचं नसतंय," ते म्हणाले आणि डॅशबोर्डवरची छोटी पिंड हलकेच उचकटून घेतली. "हे आमचं, आमच्यापाशी राहू द्या."

तिथं डिंकाचा गोल डाग राहिला. जुनी गाडी दिली तेव्हा बाबांनी तिच्यात चिकटवलेली बोटाएवढी बुद्धमूर्ती मी काढून घेतली होती, ती त्या डागावर बसवली. डाग मोठा होता, मूर्तीभोवती दिसत राहिला. डावीकडचं भोक पडलेलं मॅटही मी काढून आणलं आणि नव्या गाडीत घातलं. जुनी गाडी घेणारा म्हणाला, "मॅडम, ते राहू द्या, फाटकं हाय." मी ते गुंडाळून काखेत धरलं होतं.

सोमवारी पहाटे बाबा खाली आले. पायांत चपला नाही, बूट होते. म्हणजे यायचं त्यांनी ठरवलं होतं. मी डावं दार उघडून उभी राहिले. आई डब्याची पिशवी घेऊन मागं उभी.

बाबा गाडीभोवती फिरले. टायरला लाथ मारली, बोनेटवर थाप मारली. मग उघड्या दारापाशी आले, आत वाकून मॅटकडं पाहिलं, आणि ते दार लावून टाकलं.

"बाबा, पुढं बसा ना."

"थांब." वळसा घालून त्यांनी माझ्या सीटमागचं दार उघडलं. "नोकरीभर साहेब मागं बसवले. आपण कधी बसलोच न्हाई. बघू तर काय असतंय."

"अहो, तिला काय ड्रायव्हर समजलात का?" आई म्हणाली.

"मग? ड्रायव्हरचीच पोरगी हाय ती."

मागचं दार अरुंद होतं. त्या दाराकडं मी एकदाही पाहिलं नव्हतं. बाबा मागं बसतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी दाराची चौकट धरली, एक पाय आत टाकला आणि तसेच थांबले. मी पुढं झाले तर हातानं "नको" केलं. आई दुसरीकडं बघत राहिली. बऱ्याच वेळानं दुसरा पाय आत गेला.

"चला, ड्रायव्हर," ते म्हणाले.

आईनं पिशवी पुढच्या सीटवर ठेवली.

लोह्यापर्यंत मी "हॉर्न दे"ची वाट बघत होते. एक ट्रॅक्टर आला, एक वळण आलं. मागून काहीच नाही. आरशात पाहिलं तर बाबा खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होते, शेतांकडं, जणू हा रस्ता पहिल्यांदाच दिसत होता. चालवताना त्यांना बाजूला बघताच आलं नसणार, आणि माझ्या शेजारी बसून तर नाहीच. पुढं माळाकोळीच्या सुमारास त्यांचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर. मी रेडिओ लावला नाही. ते आले होते. मी तेच तर मागितलं होतं. तरी डावीकडं पिशवी, तिच्या खाली ते मॅट, आणि माझ्या बाजूला कुणी नाही. मी ज्या सीटची एवढी उंची मोजली ती गाडीतली सगळ्यात रिकामी जागा होती.

अहमदपूरच्या अलीकडं, त्या सरळ रस्त्यावर, एक शेळी मध्येच आली. मी ब्रेक दाबला.

त्याच वेळी माझ्या सीटला मागून धप्प असा धक्का बसला.

आरशात पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

"ब्रेक चांगले हायेत," ते म्हणाले आणि मान दुसऱ्या बाजूला टाकून परत झोपले.